ट्रेलर आमच्या पुढं गेला

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
११ डिसेंबर २०२३

ती. वन्संना,

अंबिकाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. मेतकूटही नीट पोचलं, डबा जरा चेपला होता पण सांडलं नाही. कानाचं नवं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते कपाटात ठेवून दिलंत, हे वाचून हसू आलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तरी आपल्या घरात अजून पत्रं लिहिली जातात. अंबाजोगाईला थंडी बरीच असेल. सकाळी अंघोळीची घाई करू नका.

इकडं सगळं ठीक आहे, असं मी आधी लिहिलं होतं. तो कागद फाडून दुसरा घेतला.

वन्सं, तुमच्या पत्रातला शेवटचा मजकूर मी उभ्यानंच वाचला आणि मग खाली बसले. “श्रीनूनं प्रसंगावधान राखलं. तुला त्या जखमी बाईपाशी ठेवून स्वतः मदत आणायला धावला. आईविना वाढवलेल्या पोरानं माझ्या कष्टांचं सोनं केलं.” यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला दाखवलं नव्हतं. तुमच्या उत्तरावरून कळलं. यांनी लिहिलं त्यातलं बरंचसं खरं आहे. अपघात झाला, बाई जखमी झाली, मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. एवढं खरं आहे.

कयाकचं वेड तुम्हाला माहीतच आहे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लोक हरिपाठाला लागतात, आमच्या ह्यांनी दोन प्लॅस्टिकच्या होड्या घेतल्या. त्या नेता याव्यात म्हणून वेल्डरकडून छोटा दोन चाकी ट्रेलर करून घेतला. त्यात तंबू, सतरंज्या, स्टोव्ह, वल्ही, लाइफ जॅकेट, वर पट्ट्यांनी आवळलेल्या दोन निळ्या कयाक. कॉलनीतले लोक निघताना बघायला यायचे. खरं सांगते, मलाही आवडायला लागलं होतं. पाण्याच्या मधोमध गेल्यावर हे गाणं म्हणायचे. घरात कधी म्हणत नाहीत.

त्या रविवारी आम्ही लासूरच्या पलीकडच्या तलावावरून परत निघालो होतो. सकाळी तंबू उतरवला, सामान भरलं. ट्रेलर गाडीला जोडायचं काम यांचंच असतं. गाडीच्या मागं लोखंडी गोळा आहे, त्याच्यावर ट्रेलरची वाटी बसते, वर खिट्टी लागते. खिट्टी निसटली तर धरून ठेवायला एक साखळी असते. त्या दिवशी साखळी लावली होती की नाही, यावर यांचं म्हणणं दर दिवशी बदलतं. मी तंबूच्या खुंट्या पुसत होते, मी पाहिलं नाही.

उतार होता. पुढं गतिरोधक आला म्हणून यांनी ब्रेक दाबला. मागं काहीतरी खाडकन वाजलं. मी डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते, आणि मला आमच्या होड्या दिसल्या. माझ्या शेजारून चालल्या होत्या. ट्रेलर आमच्या गाडीच्या बरोबरीनं आला आणि पुढं गेला. क्षणभर मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. एवढंच मनात आलं की ह्या किती जोरात चालल्यात.

पुढं गावचा फाटा होता. तिथं दगडांवर माणसं जीपची वाट बघत बसली होती. ट्रेलर कडेच्या दगडाला धडकून कलंडला, पट्टा तुटला आणि वरची कयाक सुटून सरळ पुढं गेली. हिरव्या लुगड्यातली एक बाई उठायला लागली होती. ती पूर्ण उठली नाही.

गाडीचा वेग कमी झाला. मी दाराला हात लावला. मग वेग वाढला.

मी म्हटलं, “थांबा.”

यांचे डोळे समोर रस्त्यावर होते.

मी म्हटलं, “अहो, बाई पडली. होडी तिच्या अंगावर गेली.”

“बघितलं,” हे म्हणाले.

वन्सं, मला वाटलं होतं यांना दिसलं नसेल. मी तेवढ्यासाठीच सांगत होते. “बघितलं” म्हणाले आणि गिअर बदलला. मग म्हणाले, “तिथं थांबलो तर ठेचून मारतील. पुढं पोलीस चौकी आहे, तिथं सांगू.” मला ते पटलं. गर्दी काय करते ते आपण वाचतो. मी चौकीची वाट बघत बसले. चौकी आली. बाहेर एक पोलीस खुर्ची उन्हात ओढत होता, त्यानं आमच्याकडं पाहिलंसुद्धा. गाडी थांबली नाही.

लासूर स्टेशनजवळ रेल्वेचं फाटक लागलं होतं. तिथं थांबणं भागच पडलं. पुढं ट्रॅक्टर, मागं टेम्पो. हे समोर बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. मी दार उघडलं. तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “अंबिका, दार लाव.” हळू आवाजात. पंखा बंद कर म्हणतात तसं. मी खाली उतरले आणि दार लावलं. आगगाडी गेली, फाटक उघडलं, आणि आमची गाडी ट्रॅक्टरच्या मागून निघून गेली. मला वाटलं होतं, निदान वळतील.

मला तिथं त्यांनी ठेवलं नव्हतं, वन्सं. मी उतरले होते.

माझी पिशवी, फोन, सगळं गाडीत राहिलं. एका दूधवाल्याला हात केला. त्यानं विचारलं, “कुठं जायचं, मावशी?” मी म्हटलं, फाट्यावर अपघात झालाय. तो म्हणाला, “तुमचं माणूस हाय का?” मी हो म्हटलं.

फाट्यावर गर्दी झाली होती. त्या बाईला लिंबाखाली सावलीत निजवलं होतं. तिचं नाव सारजाबाई. तिचा नवरा कारभारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि सारखा तिचा पदर नीट करत होता. दोघं लेकीकडं निघाले होते. आमचा तंबू रस्त्यावर पसरला होता, वल्ही गटारात. ज्या सामानासाठी हे एवढे जपायचे, ते सगळं टाकून पळाले होते. होडीवर नातवाचं नाव यांच्याच हातानं रंगवलेलं होतं.

मी सारजाबाईच्या पायाशी बसले. मी वाटेवरची कुणी बाई, मदतीला आले, असंच सगळ्यांना वाटलं. एक जण म्हणाला, “पळाला बघा गाडीवाला. माणूस हाय का जनावर.” दुसऱ्याच्या हातात दगड होता. तो गाडी गेली त्या दिशेला बघत उभा होता. यांची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. थांबले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही.

मग कारभारींनी मला हात जोडले. म्हणाले, “तुमी तरी आलात, बाई. द्येवानं धाडलं.” ते मला सोसलं नाही. मी म्हटलं, “गाडी आमची आहे. चालवणारा माझा नवरा.”

दगडवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता. तेवढ्यात साळूबाई म्हणून एक म्हातारी पुढं आली, तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, “लटलट कापती ही. खाली बस आदी. पानी पी.” मग तीच त्या माणसावर ओरडली, “टाक तो धोंडा. तिला कशाला दाखवतो? ती तर आली न्हवं.”

अँब्युलन्स कुणीतरी आधीच बोलावली होती. मी त्यांच्याबरोबर शहरात आले. मांडीचं हाड आणि कमरेचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. चालता येईल का, यावर डॉक्टर अजून स्पष्ट बोलत नाहीत.

संध्याकाळी मी घरी आले तर दारात गाडी उभी. धुतलेली. यांनी अंघोळ केली होती, स्वच्छ कपडे घातले होते. माझा फोन टेबलावर ठेवला होता. मला बघून म्हणाले, “जेवलीस का?”

आमच्या लग्नात मंडपाला आग लागली तेव्हा आत शिरून पाहुण्यांची मुलं बाहेर काढणारा हाच माणूस. कुणाच्याही मयतीला सगळ्यात आधी पोचणारा. मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले आणि मला खरंच कळेना की मी कोणाच्या घरात आलेय.

आता जे लिहायचं टाळत होते ते. दवाखान्यात मी नाव-पत्ता दिलाच होता, म्हणून दुसऱ्या दिवशी पोलीस घरी आले. यांनी जबाब दिला: “मी पत्नीला जखमीजवळ उतरवलं आणि मदत आणायला पुढं गेलो.” मी तिथंच होते. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “चहा ठेवते,” आणि आत गेले. कप विसळत राहिले. ते जाईपर्यंत बाहेर आले नाही.

कारभारींचा जबाब वेगळा आहे. साहजिकच आहे. म्हणून आम्हाला दोघांनाही येत्या गुरुवारी बोलावलंय. मी खरं तेच सांगणार आहे. यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर,” आणि पेपर उलटला. त्यानंतर त्यांनी तुम्हाला ते पत्र लिहिलं असावं.

तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये. तुम्ही त्यांना पाच वर्षांचं असल्यापासून वाढवलंत. माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

अंबिका

*

अंबाजोगाई
१६ डिसेंबर २०२३

चि. अंबिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझाच राग आला. खोटं कशाला सांगू? वाटलं, ही माझ्या श्रीनूला माझ्यासमोर उघडा करतेय. नवऱ्याची लाज झाकायची असते, असं आम्हाला शिकवलं. दुपारभर मी तुला मनातल्या मनात बोल लावले.

मग त्याचं पत्र काढून तुझ्या पत्राशेजारी ठेवलं. त्याच्या पत्रात त्या बाईला नाव नाही. “एक ग्रामीण वृद्धा” एवढंच आहे. तुझ्या पत्रात ती सारजाबाई आहे, हिरवं लुगडं नेसून लेकीकडं निघालेली. तेव्हा मला कळलं की खरं कुठलं.

मी जन्मभर शाळेत शिकवलं. खोटं बोलणारी पोरं चेहऱ्यावरून ओळखायची. याचं अक्षर इतकं सुंदर होतं की मी त्यावर विश्वास ठेवला. शेजारच्या वच्छलाबाईंना वाचूनसुद्धा दाखवलं गं. आता त्या रोज विचारतात, “कशा आहेत तुमच्या भावाच्या पेशंट?”

त्याला मी काही लिहिलेलं नाही. कागद घेते आणि “चि. श्रीनू” इथंच थांबते. पुढं काय म्हणावं सुचत नाही. माझं काही चुकलं का त्याला वाढवताना, हेच डोक्यात घोळतं. आई गेलेलं पोर म्हणून त्याला मी कधी कशाला सामोरं जाऊ दिलं नाही. ते खरंही असेल, नसेलही. मला आता शोधायचं नाही.

गुरुवारी तू काय बोललीस ते कळव. कच खाल्ली असशील, तर तेही कळव. माझ्यापासून लपवू नकोस.

सारजाबाईंची प्रकृती लिही.

तुझी,
प्रमोदिनी

*

गारखेडा
७ जानेवारी २०२४

ती. वन्संना,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. रोज दवाखान्यात जाणं होतं आणि घरी आल्यावर हातात पेन धरवत नव्हतं. तुमचं पत्र मात्र मी पिशवीतच ठेवलं होतं.

गुरुवारी आम्ही पोलीस ठाण्यात रिक्षानं गेलो. गाडी पोलिसांनी नेली होती. साहेबांनी आधी मलाच विचारलं, “मॅडम, तुमचे मिस्टर म्हणतात त्यांनी तुम्हाला तिथं उतरवलं. तिथले लोक म्हणतात गाडी थांबलीच नाही. कसं काय?” मी सगळं सांगितलं. चौकीसमोरून गेलो ते, फाटकाशी मी उतरले ते. चहा ठेवायला आत गेले तेही सांगितलं. हे शेजारच्या खुर्चीवर बसून भिंतीकडं बघत होते.

साहेब त्यांच्याकडं वळले. “सर, तुमचं काय म्हणणं?”

हे म्हणाले, “ती सांगते ते बरोबर आहे.”

एवढंच. पुढं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवली, नवा जबाब लिहून दिला, सही केली. बाहेर आल्यावर गेटजवळ गटारापाशी वाकले आणि त्यांना उलटी झाली. मी पाण्याची बाटली दिली. हात नाही लावला. का नाही लावला, ते मलाही ठाऊक नाही.

गुन्हा नोंदवलाय. जामीन मिळाला. कोर्टात केस चालेल तेव्हा चालेल.

त्यानंतर काही दिवस हे घराबाहेर पडले नाहीत. कॉलनीत सगळ्यांना कळलं होतं. मी दवाखान्यात निघाले की खिडकीशी येऊन उभे राहायचे. मी “चला” म्हटलं नाही. एक दिवस दुपारी मी सारजाबाईला संत्रं सोलून देत होते, आणि वॉर्डाच्या दारात हे दिसले. एकटेच आले होते. तिथल्या तिथं उभे होते, आत येत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या नर्स त्यांना बाजूला व्हा म्हणत होत्या.

कारभारींनी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. ते उठले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. ते यांच्या अगदी जवळून वॉर्डाबाहेर निघून गेले.

मग सारजाबाईच म्हणाली, “या. बसा. किती येळ उभं राहता?”

हे स्टुलावर बसले. हात जोडले ते तसेच राहिले. तिनं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, “पान्यात बसायची नाव व्हय ती? मला वाटलं भलामोठा मासाच आला अंगावर. निळा. म्हनलं, हितं रस्त्यावर मासा कुठून?” आणि ती हसली. हसताना दुखलं तशी कण्हली. मी तिला उशी दिली.

मग तिनं विचारलं, “का वो थांबला नाय?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ठाऊक करून घ्यायचं होतं.

हे म्हणाले, “भ्यालो.”

सारजाबाई म्हणाली, “आमी बी भेलोच की.”

वन्सं, मी तेवढ्या दिवसांत कितीदा तरी मनात यांच्याशी भांडले होते, मोठमोठं बोलले होते. त्यातलं एक वाक्यही एवढं मोठं नव्हतं. हे स्टुलावर वाकले आणि रडायला लागले. लहान मुलासारखे नाही, म्हाताऱ्या माणसासारखे, आवाज न करता, खांदे हलवत. सारजाबाई छताकडं बघत पडून राहिली. तिनं त्यांची समजूत काढली नाही. मीही नाही.

मी बाहेर आले तेव्हा कारभारी जिन्याशी बसले होते. मला म्हणाले, “बाई, तुमी येत जावा. तिला तुमची सवय झाली. त्यांना नका आनू.” मी म्हटलं, “मी आणलं नव्हतं.” ते म्हणाले, “मंग ठीक. पर म्या हाय तवर नको.” मी यांना तसंच सांगितलं. यांनी मान हलवली. त्यानंतर कारभारी गावाकडं गेलेले असतील त्या दिवशीच हे जायचे, आणि दारातच बसायचे.

मागच्या आठवड्यात सारजाबाईला घरी सोडलं. वॉकर धरून चार पावलं टाकते, पाचव्याला थांबते. डॉक्टर म्हणतात, पुढं सुधारेल, पण शेतात वाकून काम होणार नाही. ते ऐकल्यावर ती माझ्याकडं बघून म्हणाली, “मंग दिवसभर करू काय?” निघताना तिला जीपमध्ये बसवायला तिघं लागले. हे दवाखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं उभे होते. कारभारींनी पाहिलं. पण जीप लगेच काढायला सांगितली नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल: आता आमचं काय?

यांनी जे करायचं ते केलं, असं म्हणता येईल. उशिरा केलं, पण केलं. परवा जेवताना त्यांनी मला विचारलं, “अंबिका, तू माझ्याशी पूर्वीसारखी बोलशील का?” मी म्हटलं, “माहीत नाही.” ते म्हणाले, “बरं.” आणि आमटी वाढून घेतली.

मला त्यांचा राग येत नाही, हीच अडचण आहे. राग आला असता तर भांडले असते. मला अजून धक्काच बसलेला आहे. सकाळी उठते, शेजारी त्यांना झोपलेलं बघते, आणि पुन्हा पहिल्यापासून कळतं. तुम्ही लिहिलंत की तुमचं काही चुकलं का. वन्सं, तसं काही मनात आणू नका. त्यांनी स्वतःला जेवढं ओळखलं नव्हतं, तेवढं आपण कुठून ओळखणार होतो?

आमच्या घरात आता कुणी आवाज चढवत नाही. हे मला चहा करून देतात, मी त्यांना धन्यवाद म्हणते. दार उघडायला मी उठले की हे म्हणतात, तू बस, मी बघतो. इतकी वर्षं आम्ही भाजीतल्या मिठावरून भांडलो, आणि आता दोघंही एकमेकांशी फार चांगलं वागतोय. ते मला सोसत नाही.

म्हणून लिहिते, तुम्ही या. त्यांना “चि. श्रीनू”च्या पुढं काय लिहावं सुचत नसेल, तर लिहू नका, येऊन समोर बसा. ते तुमच्याकडं बघणार नाहीत. तरी या. संक्रांत होऊन जाऊ द्या म्हणून थांबू नका. लातूरच्या बाजूनं येणाऱ्या गाडीत बसलात की मी स्टँडवर घ्यायला येईन. यंत्र आणा, नाही आणलंत तरी चालेल, आम्ही मोठ्यानं बोलू. या घरात कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवंय.

तुमची वाट बघणारी,
अंबिका